पहिली मोटारसायकल, वय ४१, गुहागर तालुका: परवाना, विमा, हेल्मेट – सुरुवात कुठून करू?

सुरंगी – ८ नोव्हेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

मी गुहागर तालुक्यात आरोग्यसेविका आहे. उपकेंद्राखाली नऊ वाड्या येतात. चार सड्यावर म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, दोन थेट खाडीकाठी, बाकीच्या मधल्या उतारावर. सकाळची एसटी गेली की दुपारपर्यंत वाट बघायची. लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा खांद्याला अडकवून घाटी चढायची आणि आतला बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं. सतरा वर्षं हे केलं. आता गुडघे साथ देत नाहीत.

सायकल लहानपणापासून येते. मैत्रिणीची स्कूटर दोनदा अंगणात चालवून पाहिली आहे, तेवढंच. पण ठरवलं आहे की गाडी घ्यायची, १२५ सीसीच्या आसपासची गिअरची मोटारसायकल. आमच्या सड्याच्या रस्त्यांवर तीच टिकेल असं सगळे म्हणतात.

मिस्टर डोंबिवलीला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. ते म्हणतात, "गाडी माझ्या नावावर घेऊ, मला कर्ज लगेच मिळेल." शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, लायसनचं नंतर बघू, एजंट सगळं करून देतो, तुम्ही गाडी घेऊन जा." आणि माझा मुलगा अकरावीत आहे, तो म्हणतो मित्राची गाडी मला येते, मीच तुला शिकवतो.

तिघांचंही ऐकून डोकं गरगरलं. एकच गोष्ट माझी मी पक्की केली आहे, ती म्हणजे हेल्मेट. आरोग्य केंद्रात रात्रपाळीला १०८ ची गाडी येईपर्यंत मी फुटलेली डोकी मांडीवर धरून बसले आहे. त्यातल्या दोघांची हेल्मेटं गाडीच्या आरशाला लटकवलेली होती.

बाकी सगळं कोऱ्या पाटीवरून सांगा. कुठलं आधी, कुठलं नंतर?

आठाचा आकडा – ८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

सुरंगीताई, मी रत्नागिरीत मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. क्रम सरळ आहे: आधी परवाना, मग हेल्मेट-हातमोजे, आणि गाडी सगळ्यात शेवटी. शोरूमवाल्याचा क्रम नेमका उलटा आहे, कारण त्याला गाडी विकायची आहे.

शिकाऊ परवान्यासाठी परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर अर्ज करायचा. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार जोडून घरबसल्या परीक्षा देता येते, आरटीओत जावं लागत नाही. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, तो मनापासून बघा. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. तुमचं वय चाळिसाच्या वर असल्यामुळे नमुना १-अ म्हणजे डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. ते तुम्हाला केंद्रातच मिळेल, पण डोळे खरोखर तपासून घ्या. चाळिशीत जवळचं अंधुक होतं हे कळतं, संध्याकाळी लांबचं कमी दिसतं हे मात्र कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही.

मूळ फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये, वर थोडं सेवाशुल्क. पक्क्या परवान्याच्या वेळी चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २०० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट घेतो आणि वर ती घरबसल्याची परीक्षाही तोच देऊन टाकतो. कृपा करून असं करू नका. त्या प्रश्नांत चौकात कोणाला आधी जाऊ द्यायचं, कुठल्या खुणेचा अर्थ काय, हेच विचारलेलं असतं. ते तुम्हाला यायला हवं, एजंटला येऊन काय उपयोग?

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. त्या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा आणि मागे परवाना असलेला शिकवणाराच बसलेला हवा. दुसरं कोणी बसवायचं नाही.

चाचणी गिअरच्या गाडीवरच द्या. गिअरलेसच्या परवान्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. स्कूटरवर परीक्षा देऊन मग मोटारसायकल घेणारे दर महिन्याला भेटतात. चाचणीला नेलेल्या गाडीचे आरसी (नोंदणीपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) चालू हवेत. तुम्हाला रत्नागिरीपर्यंत यायलाच हवं असं नाही, तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचं शिबिर भरतं. चिपळूणचं शिबिर तुम्हाला सोयीचं. तारखा दर महिन्याच्या वेगळ्या असतात, पोर्टलवर बघून वेळ घ्या.

आता मुलाबद्दल, आणि हे रागावून नाही, काळजीने लिहिते. अकरावीतला म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा. त्याला गिअरच्या गाडीचा परवाना १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. मित्राची गाडी आजच बंद करायला सांगा.

सडा आणि समुद्र – ९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

ताई, गिअरचा हट्ट कशाला? मी दापोलीत शिक्षिका आहे, बारा वर्षं स्कूटर वापरते. पायाशी जागा असते, डबा तिथे राहतो, साडी नेसूनही चालवता येते.

घाटवाट – ९ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

दापोलीच्या बाजारात आणि डांबरी रस्त्यावर स्कूटर उत्तमच. पण सुरंगीताईंच्या चार वाड्या सड्यावर आहेत. तिथे जांभ्याचा कच्चा रस्ता, पावसात पडलेल्या घळी, आणि तीव्र उतार. मोटारसायकलचं चाक मोठं असल्यामुळे खड्ड्यात अडकत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. स्कूटरला हे नीट जमत नाही. सीटची उंची मात्र बसून बघा. थांबल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. नव्या माणसाची गाडी निम्म्या वेळा उभ्या-उभ्याच पडते.

वाशिष्ठीकाठ – ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मी चिपळूणचा. विम्याच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सुरंगीताईंच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून काल झोप नीट लागली नाही: "गाडी मिस्टरांच्या नावावर घेऊ."

ताई, असं करू नका. कारण सांगतो, जरा सविस्तर.

दुचाकीच्या विम्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हीला मिळून 'इन्शुरन्स' म्हणतात. पहिली थर्ड पार्टी. ही कायद्याने सक्तीची. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कोणी दगावलं, तर त्याची भरपाई. त्याला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकीसाठी १ लाखाची मर्यादा आहे. नव्या गाडीला सप्टेंबर २०१८ पासून एकदम ५ वर्षांची थर्ड पार्टी घ्यावी लागते. जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये, अधिक जीएसटी. यातून तुमच्या स्वतःच्या हाडांना किंवा गाडीला एक पैसाही मिळत नाही.

दुसरी ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. ही सहसा एका वर्षाची असते. इथेच फसगत होते. "पाच वर्षांचा विमा आहे" म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षापासून गाडीला काहीच संरक्षण नसतं. दर वर्षी आठवणीने भरा. दावा केला नाही तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के बोनस मिळतो, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मुदत संपून ९० दिवसांच्या वर गेले की तो बोनसही गेला.

तिसरी गोष्ट मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. वर्षाला काहीशे रुपयांत येतो. आता शब्द नीट वाचा: मालक-चालक. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसीत ज्याचं नाव आणि ज्याच्या खिशात चालू परवाना, तो एकच माणूस. गाडी मिस्टरांच्या नावावर आणि रोज सड्यावर चढवणार तुम्ही, तर हे १५ लाख तुमच्यासाठी नाहीतच. उद्या काही झालं तर तुमच्या मुलाच्या हातात त्यातलं काही पडणार नाही. डोंबिवलीत बसलेल्या माणसाचा गुहागरच्या सड्यावरचा विमा तुम्ही भरत राहाल.

मागे बसणाऱ्याचंही असंच. तुमच्या मागे आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, बसणार हे मी गृहीत धरतो. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेली व्यक्ती धरली जात नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा निकाल आहे. ओन डॅमेजसकट पॅकेज पॉलिसी असेल तर धरली जाते. म्हणून दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज सोडू नका, आशाताईंसाठी तरी.

पुराचंही सांगून टाकतो, कारण आम्ही ते भोगलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या आळीतल्या पंधरा-वीस दुचाकी रात्रभर पाण्याखाली होत्या. पूर ओन डॅमेजमध्ये धरला जातो. पण पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने घाईघाईत गाडीला किक मारली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनीने बाकीचं मान्य केलं, इंजिनचं नाकारलं: हे पुराने नाही, चालू करण्याने झालं. पाण्यात गेलेली गाडी चालू करायची नाही. किल्लीही फिरवायची नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, ढकलत किंवा टेंपोत घालून गॅरेजला न्या. सखल भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट नावाची जोड मिळते का ते विचारा.

सुरंगी – ९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

दादा, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, तुझ्याच नावावर घेऊ. कर्ज आमच्या पतपेढीतून माझ्या पगारावर निघेल असं दिसतं आहे.

एक शंका. शिकाऊ परवाना निघाला की गाडी घेतली आणि तिच्यावरच शिकले तर चालेल ना? पक्का परवाना काढून गुढीपाडव्याला गाडी घ्यायची म्हटलं तर चार महिने अजून पायपीट.

वाशिष्ठीकाठ – १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

गाडी घ्यायला परवाना लागत नाही, नोंदणी होईल. शिकाऊ परवान्यावर अपघात झाला तर ओन डॅमेजही नियमाप्रमाणे मिळू शकते. पण ते 'नियमाप्रमाणे' फार महत्त्वाचं आहे: पुढे-मागे 'एल', आणि मागे परवानाधारक शिकवणारा. माझ्या पुतण्याने यातलं काहीही न पाळता एकट्याने गाडी काढली आणि मार्गताम्हान्याच्या अलीकडे बैलगाडीला धडकला. गाडीचा दावा नाकारला गेला. अशा वेळी जखमी माणसाला कंपनी भरपाई देते आणि नंतर तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे माझा भाऊ. तो अजून त्यातून सावरतो आहे.

आणि १५ लाखांच्या अपघात विम्याला चालू परवाना लागतो. तुम्ही एकट्या वाड्या फिरणार. पक्का परवाना हातात येईपर्यंत थांबा. सतरा वर्षं चाललात, चार महिने आणखी.

घाटवाट – १० नोव्हेंबर, दुपारी २.१०

हेल्मेटचं ठरवलंय म्हणालात, म्हणून तिथूनच पुढे लिहितो.

ते 'आयएसआय'चं हवं, शिक्क्याबरोबर आयएस ४१५१ हा आकडा असतो. १ जून २०२१ पासून देशात याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. तरीही महामार्गाच्या कडेला ढिगाने मिळतात, अंगठ्याने दाबलं तर चेपतात. नव्या गाडीबरोबर हेल्मेट देण्याचा नियम आहे, ते मागून घ्या, पण स्वतःसाठी मापाचं वेगळं घ्या. मिळालेलं मागे बसणाऱ्याला होईल.

माप असं घ्या: शिंप्याची टेप भुवयांच्या वर एक बोट सोडून डोक्याभोवती फिरवा. दुकानात हेल्मेट घालून दहा मिनिटं बसा. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळावर एकाच जागी दुखता कामा नये. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा, गालाची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. पट्टा लावा आणि मागून धरून पुढे उचलून बघा. निघून आलं तर ते घेऊ नका, कितीही छान रंगाचं असो. पूर्ण तोंड झाकणारं घ्या. अंबाडा घालून ते बसणार नाही, वेणी खाली मानेशी ठेवावी लागेल, दुकानात जाताना केस तसेच बांधून जा. काच पांढरी. काळी काच दिवसा बरी वाटते, पण तुम्हाला रात्री बाळंतपणाचा निरोप आला तर काय कराल? पावसात काच आतून धुकं धरते, त्यासाठी चिकटवायची पातळ फिल्म मिळते, ती लावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचंच, बाहेरून चरा दिसत नसला तरी आतला थर चेपलेला असतो.

हेल्मेटनंतर हातमोजे. पडताना माणूस तळहात पुढे करतो, त्यामुळे पहिली कातडी तिथलीच जाते. तळहातावर जाड चामडं असलेले घ्या. ज्या हातांनी तुम्ही दिवसाला वीस बाळांना टोचता, ते हात आठवडाभर पट्टीत राहिले तर वाड्यांचं काय? मग घोटा झाकणारे बूट. चप्पल घालून गिअरची गाडी चालवू नका, गिअरचा पाय घसरतो. त्यानंतर जमेल तेव्हा जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड.

हे सगळं मिळून सहा-सात हजारांत बसतं, जॅकेट सोडून. गाडीच्या किमतीतच हे धरा. गाडी घेतल्यावर 'पुढच्या पगाराला घेऊ' म्हणणाऱ्यांचा तो पगार येता येत नाही.

ओढणीचं विसरू नका. कमरेला गाठ, टोकं आत. मागे बसणाऱ्या बाईचा पदरसुद्धा. साडी गार्ड गाडीला असावाच लागतो, शोभा दिसत नाही म्हणून काढून टाकतात, तुम्ही काढू देऊ नका.

आणि लसीचा डबा खांद्याला अडकवून गाडी चालवायची नाही. वळणावर तो झुलतो आणि तोल जातो, पडलात तर पट्टा मानेत येतो. मागे कॅरिअर बसवून घ्या, रबरी पट्ट्यांनी दोन बाजूंनी आवळा. सुटं टोक लोंबत ठेवू नका, ते चाकात जातं.

खाजणातला – १० नोव्हेंबर, सायंकाळी ५.००

जॅकेटचा सल्ला पुण्या-मुंबईकडच्यांना ठीक. आमच्याकडे एप्रिल-मेच्या दमट हवेत जॅकेट घालून माणूस चक्कर येऊन पडेल. विनाकारण खर्चात पाडू नका.

घाटवाट – १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

उकाड्याचं म्हणणं खरं आहे, मी पण राजापूरचाच. म्हणूनच जॅकेट शेवटी लिहिलं. जाळीचं जॅकेट मिळतं, त्यातून वारा आरपार जातो, कोपर-खांद्याला आत गाद्या असतात. गाडी चालू असताना सुती शर्टाइतकंच गार वाटतं, थांबल्यावर मात्र लगेच काढायचं. तेही नको असेल तर निदान जाड कापडाच्या पूर्ण बाह्या आणि नुसते कोपराचे गार्ड. जांभ्यावर घासलेल्या कोपराची जखम पावसाळ्यात किती दिवस ओली राहते ते सुरंगीताई मला सांगतील.

देवबागचो – १० नोव्हेंबर, रात्री ८.४५

ताई, माझा एकच सांगणा. पावसात मागे बसतल्याच्या हातात छत्री देव नको. वाऱ्यान छत्री उलटी झाली की गाडी खय जाता ता कळणा नाय. माझ्या चुलत्याक तारकर्लीच्या रस्त्यार असोच फटको बसलो, दोन म्हयने पाय प्लास्टरात. दोघांकय रेनकोट घेया, वायच खर्च झालो तरी चलात. पँट आणि कोट वेगळो असता तोच घेया, वाऱ्यान फुगणारो नको.

बाराचा पाना – ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

माझं सावंतवाडीजवळ गॅरेज आहे. आंबोलीच्या घाटातून खाली आलेल्या आणि वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून वर आलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या गाड्या बघतो.

किनाऱ्यावरच्या गाडीचा शत्रू खारा वारा. चेनला आठवड्याला तेल, पावसात तर दर तीन-चार दिवसांनी. चेन खेचून पाहायची, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून गंज धरतो, सकाळी निघताना पहिल्या पन्नास पावलांत दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून घ्या. वाळूत गाडी घालू नका. फोटोपुरती घातलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा.

१२५ सीसीपर्यंतच्या गाडीला सीबीएस असतं, मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ च्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यात जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होत नाही. बजेट ताणता आलं तर आपल्या पावसासाठी मी एबीएसवाली घ्या म्हणेन. पण कुठलीही घेतली तरी पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळू वाढवत दाबायची सवय लावा. लोक पुढच्या ब्रेकला घाबरून नुसता मागचा दाबतात आणि गाडी घसरते.

उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे खूप आहेत. तुम्ही करू नका. गिअरचा आधार जातो आणि दोन वळणांत ब्रेक तापतात.

आपले धोके पुस्तकात नसतात म्हणून लिहितो. मृगाचा पहिला पाऊस पडला की पहिला अर्धा तास थांबा, वर्षभराचं तेल आणि धूळ मिळून रस्त्यावर साबण होतो. श्रावणात वाडीच्या काँक्रीटच्या पाखाडीवर (उताराच्या पायवाटेवर) हिरवं शेवाळ असतं, त्यावर ब्रेक नाही आणि वळणही नाही. चिरेखाणीच्या ट्रकमागून लाल चिखल पडतो. मासळीच्या टेंपोतून पाणी गळतं, ते सुकल्यासारखं दिसतं पण सुकलेलं नसतं. रात्री गुरं डांबरावर बसलेली असतात, कारण ते कोमट असतं. काळी म्हैस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसते. तवसाळ-जयगड फेरीबोटीत चढताना सुरुवातीचे सहा महिने उतरून गाडी ढकलत न्या. ओल्या लोखंडी पत्र्यावर जुने चालवणारेही पडलेले पाहिलेत.

सुरंगी – १९ जानेवारी, रात्री ९.३०

मंडळी, उशिरा लिहिते आहे पण सगळं सांगते.

शिकाऊ परवान्याची परीक्षा घरी मीच दिली, एजंटशिवाय. दोन प्रश्न चुकले. डोळे तपासले आणि आठाचा आकडाताईंचं म्हणणं खरं निघालं, लांबचा नंबर आहे. चष्मा केला. हेल्मेट घेताना चष्मा घालून बघितला, पहिल्या हेल्मेटात काडी कानावर रुतत होती, म्हणून दुसरं घेतलं. कोणी चष्मेवाले असाल तर हे लक्षात ठेवा.

शिकले शृंगारतळीजवळच्या माळावर. गावातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर मागे बसायचे. पहिले चार दिवस त्यांनी मला गाडी चालूच करू दिली नाही. नुसती ढकलायची, स्टँडवर लावायची, काढायची, उताराला धरून उभी करायची. त्यानंतर आठ दिवस नुसता क्लच. मुलगा बांधावर बसून बघायचा. मित्राची गाडी त्याने सोडली आहे, अठराव्या वाढदिवसाची वाट बघतो आहे.

आज चिपळूणच्या शिबिरात चाचणी होती. गाडीने इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवायचा असतो, तो काढताना दुसऱ्या वळणाला पाय जमिनीला टेकला. नापास. सात दिवसांनी परत देता येते म्हणाले. एसटीत बसून घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू.

आठाचा आकडा – १९ जानेवारी, रात्री ९.५५

ताई, नजर. तुम्ही नक्कीच पुढच्या चाकाकडे बघत होतात. आठ काढताना डोकं वळवून पुढच्या वळणाच्या शेवटाकडे बघायचं, गाडी नजरेच्या मागे जाते. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका लावलेला, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करायचा नाही. माळावर चुन्याने आठ आखा आणि रोज वीस मारा. दोन दिवसांत कळवा.

सुरंगी – २ एप्रिल, रात्री १०.४०

चुन्याचा आठ आखला, ताई. दुसऱ्या चाचणीत पाय टेकला नाही. परवाना पोस्टाने घरी आला, दहा वर्षांचा आहे.

पाडव्याला गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर, पॉलिसी माझ्या नावावर, ओन डॅमेजसकट, आणि १५ लाखांच्या अपघात विम्यात वारस म्हणून मुलाचं नाव. शोरूममध्ये त्या मुलाने परत विचारलं, "मॅडम, मिस्टरांच्या नावावर नको?" मी वाशिष्ठीकाठदादांचा प्रतिसाद फोनवर काढून त्याला वाचायला दिला. त्याने पूर्ण वाचला. मग म्हणाला, माझ्या आईची स्कूटर माझ्या नावावर आहे, विचारून बघतो.

ओन डॅमेज भरायची तारीख मी लसीकरणाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. ती वही मी रोज उघडते.

आज पहिलं सत्र गाडीने केलं. डबा कॅरिअरवर बांधला, आशाताई मागे, त्यांच्या डोक्यावर शोरूमचं हेल्मेट. सड्याच्या चढावर दुसऱ्या गिअरला गाडी बंद पडली, परत चालू केली. वर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. दर वेळी साडेअकरा होतात. बायका अजून घरातली कामं आवरत होत्या, बाळांना घेऊन कोणी आलंच नव्हतं. आशाताई हेल्मेट घालूनच दारोदार हाका मारत गेल्या.

बाराचा पानादादा, एक विचारायचं राहिलं. कॅरिअरचा उजवीकडचा बोल्ट आज येताना थोडा सैल झालेला दिसला. नुसता आवळू की खाली वॉशर घालू?